टेबलावर बोलायची गोष्ट

बाबा गेल्यावर कंपनीच्या संचालक मंडळात त्यांच्या जागी मला घ्यायचं ठरलं. तेव्हा मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि ताळेबंद कसा वाचतात हेही मला धड ठाऊक नव्हतं. कंपनी बाबांनी आणि त्यांच्या मित्राने मिळून काढलेली. दोघंही उमरेडच्या विणकरांच्या घरातले. हातमाग बंद पडत गेले तेव्हा त्यांनी यंत्रमाग घेतले आणि लुगडी सोडून दवाखान्यांचं कापड करायला लागले. चादरी, जखमेवर ठेवायची जाळीदार पट्टी, असं. बाबांच्या या मित्राला मी लहानपणापासून काकाजी म्हणत आले. ते कंपनीचे अध्यक्ष होते. त्यांचा मुलगा रोजचा कारभार बघायचा, आणि आणखी दोघे संचालक बाहेरचे होते.

पहिल्या बैठकीत मी बाबांच्या खुर्चीवर बसले आणि सगळ्यांबरोबर मान हलवत राहिले. ठरावाला बाकीच्यांनी हात वर केले, मीही केला. सगळे निघाल्यावर काकाजींनी मला थांबवून घेतलं आणि आज आपण कशाला मंजुरी दिली ते विचारलं. मला सांगता येईना.

"मग हात काहून वर केला?"

सगळ्यांनी केला म्हणून, असं मी म्हणाले. ते रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. "बाबाची आठवण म्हणून तुले बसवलं नाही इथं," ते म्हणाले. "समजलं नाही तर विचार. चहा थंडा झाला तरी चालते."

तेव्हापासून बैठकीच्या आदल्या दिवशी मी सगळे कागद घेऊन त्यांच्या मनीषनगरच्या घरी जायला लागले. कूलरसमोर दोन खुर्च्या ओढून आम्ही बसायचो. ते मला उत्तरं सांगत नसत. या आकड्याबद्दल तुझ्या मनात काय येतं, एवढंच विचारत आणि वाट बघत. काकू, म्हणजे त्यांची बायको, मध्येच कोथिंबिरीची सांबारवडी आणून ठेवायच्या आणि पोरीला जेवू तरी द्या म्हणायच्या. बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते. कूलरसमोरच्या त्या खुर्चीवर बसलं की मला जरा बरं वाटायचं.

एकदा मी कारखान्यात गेले होते. बायका जिथे जेवायला बसत तिथे भयंकर उकाडा होता. मी सुपरवायझरला सांगून जागा बदलायला लावली आणि समाधानाने घरी आले. दुसऱ्या दिवशी काकाजींचा फोन. जागा बदलली ते चांगलंच झालं, पण आता त्या सुपरवायझरला दोन मालक झाले, असं ते म्हणाले. जे दिसेल ते बैठकीत आणायचं, कारभार बघणाऱ्याला जाब विचारायचा, पण त्याला डावलून परस्पर हुकूम सोडायचा नाही. मला ते लागलं. पुढच्या बैठकीत मी तो विषय रीतसर मांडला आणि कारखान्यात जेवणाची वेगळी खोली झाली.

हळूहळू मी प्रश्न विचारायला शिकले. एका ठरावाला मी एकटीनेच विरोध केला तेव्हा काकाजींनी इतिवृत्तात माझा विरोध शब्दशः लिहून घ्यायला लावला. ठराव मात्र मंजूर झाला, आणि त्यांनी स्वतः त्याच्या बाजूनेच हात वर केला होता. बैठकीनंतर जिना उतरताना ते मला म्हणाले, "आता तू संचालक झाली."

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी ते आम्हाला वयाचं वाटलं. एकच प्रश्न ते बैठकीत दुसऱ्यांदा विचारत आणि मुलगा तितक्याच शांतपणे दुसऱ्यांदा उत्तर देई. मागच्या वेळी स्वतःच मंजूर केलेल्या गोष्टीवर ते चिडून बोलत. तेव्हा सगळे कागदांकडे बघत बसत. मनीषनगरच्या घरी आता मी त्यांना आकडे समजावून सांगत होते आणि ते मान हलवत होते.

त्याच उन्हाळ्यात पट्टीच्या एका मालाबद्दल शंका आली. तो नीट निर्जंतुक झालेला नसावा, असं कारखान्यातूनच कळवण्यात आलं. चाचणीचा निकाल येईपर्यंत एकही गाडी सोडायची नाही, असा ठराव आम्ही केला. अध्यक्ष म्हणून तो काकाजींनीच मांडला होता. दोन दिवसांनी त्यांनी स्वतः कारखान्यात फोन केला, माल पडून काहून आहे विचारलं आणि गाडी रवाना करायला सांगितलं. अध्यक्षांचाच फोन, त्यामुळे कोणी उलट विचारलं नाही. मुलाला कळलं तेव्हा गाडी निघून गेली होती. ड्रायव्हरला फोन लावून त्याने ती वाटेतूनच परत बोलावली. पुढे चाचणीत तो माल खरोखरच नापास झाला.

मी काकाजींच्या मुलाला भेटले. वडिलांनी आता अध्यक्षपद सोडायला हवं, हे त्यालाही दिसत होतं. पण मी त्यांना कसं सांगू, असं तो म्हणाला. बाहेरचे दोघे म्हणाले, हा घरातला प्रश्न आहे. शेवटी मीच मनीषनगरला गेले.

त्या सकाळी काकाजी अगदी पूर्वीसारखे होते. मी गाडीची गोष्ट सांगितली. त्यांना ती आठवत नव्हती, पण त्यांनी ती नाकारली नाही. ती पट्टी कोणाच्या तरी जखमेवर गेली असती, असं ते पुटपुटले आणि बराच वेळ हाताच्या तळव्याकडे बघत बसले. मी राजीनाम्याचा विषय काढला. काकू दारात उभ्या होत्या.

"हे इथं बोलू नको," ते म्हणाले. "इथं तू आमची पोट्टी आहे. तिथं टेबलावर बोल. मी ऐकीन."

मी विषयपत्रिकेत तसा विषय घालायला सांगितला. बैठकीत नेहमीप्रमाणे काकाजी एकेक विषय स्वतः वाचत गेले. अध्यक्षपदाचा विषय आला तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसून परत लावला आणि विषय पुन्हा वाचला.

"हा विषय कोणी टाकला?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मनीषनगरची ती सकाळ त्यांच्या डोळ्यांत कुठेच नव्हती. मला वाटलं, आत्ता विषय मागे घेता येईल. पण मी बोलले. परत फिरवलेली गाडी, स्वतःच मंजूर करून विसरलेले ठराव, सगळं एकेक करून सांगितलं, त्यांनीच शिकवलं होतं तसं, आवाज न चढवता. ते ऐकत राहिले. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"बाबा, ती खरं बोलून राहिली," मुलगा म्हणाला. त्याची मान खाली होती.

काकाजींनी समोरचा कागद सरळ केला. मग सवयीनेच म्हणाले, "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा." आम्ही हात वर केले. त्यांनी सगळ्यांकडे नीट पाहिलं, ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं आणि पुढचा विषय वाचायला घेतला. तो त्यांना पुरा वाचता आला नाही. मुलाने त्यांच्या हातातला कागद घेतला आणि त्यांना बाहेर नेलं. उरलेली बैठक आम्ही पूर्ण केली. विषय कोणते होते ते मला आता सांगता येणार नाही.

त्यानंतर काकूंनी मला बोलावणं बंद केलं. त्यांचं माहेर भिवापूरचं. दरवर्षी तिथल्या मिरच्यांचं तिखट कुटून झालं की माझ्या घरी डबा यायचा. त्या वर्षी आला नाही. काकाजींचा होकार त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तरी चार माणसांत त्यांच्या नवऱ्याला उठवलं ते मीच. मी त्यांना दोष देऊ शकले नाही.

पुष्कळ महिन्यांनी मुलानेच मला घरी यायला सांगितलं. काकाजी व्हरांड्यात बसले होते, फार वाळले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि जवळ बसवलं. कंपनीचं काही विचारलं नाही. माझा हात धरून म्हणाले, "तुझा बाबा येऊन नाही राहिला आजकाल. त्याले म्हण, माझ्यावर रागावला का गा?"

बाबा आता नाहीत, हे मी त्यांना सांगायला हवं होतं की नाही, मला माहीत नाही. मी म्हणाले, रागावले नाहीत, बरं नाही त्यांना. ते समजल्यासारखे मान हलवत राहिले. काकूंनी आतून चहा आणला, माझा कप खुर्चीशेजारी ठेवला आणि पदराने डोळे पुसत आत निघून गेल्या.