मामांचा सराव

मामा म्हणजे महासंशयी माणूस. उभा जन्म शिंपीकाम केलं, पण गिऱ्हाईकानं सांगितलेल्या मापावर कधी विसंबले नाहीत; स्वतः टेप लावणार, मगच कात्री. अनोळखी फोन आला की "राँग नंबर" म्हणून आपटणार.

अशा माणसाला वळण लावलं ते भाचीनं. म्हातारपणी मेंदू पैशाच्या बाबतीत कसा फसतो, यावर ती पीएचडी करत होती. खोटे फोन करून म्हाताऱ्यांची पारख करायची, तर आधी सराव हवा. मार्गदर्शकांची परवानगी कोण घेत बसतं? मामा होतेच हक्काचे. तिचे मित्र बँकेचे साहेब बनून फोन करत आणि मामा ठेवून देत.

"मामा, असं फोन ठेवलात तर माझे प्रश्न तपासायचे कसे? आपलीच मुलं आहेत. विचारतील ते सांगत जा ना!"

भाचीचा शब्द मामांनी कधी मोडला नव्हता. ते सांगू लागले.

मग एक दिवस खऱ्याच भामट्याचा फोन आला. मामांनी त्याला ऐसपैस बसून सगळं सांगितलं, वर "बाळा, आवाजात जरा जरब आण" असा सल्लाही दिला. खातं धुऊन निघालं.

बँकेतल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, ओटीपी कसा हो दिलात?"

भाची मागेच उभी होती. मामांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वय झालं हो. डोकं चालत नाही पूर्वीसारखं."

शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीनं डोळे पुसले. "बाबा, कार्ड, पासबुक सगळं माझ्याकडे द्या. यापुढे व्यवहार मी बघेन."

मामांनी निमूट पाकीट काढून दिलं. भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसलं तर पीएचडी शाबूत राहणार होती. पण मामा मात्र कायमचे म्हातारे ठरणार होते.

"ताई, थांब. मामांचं डोकं ठणठणीत आहे. संशय सोडायला मीच शिकवलं त्यांना." आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

मामांनी कपाळाला हात लावला. "घातलास घोळ! जन्मात पहिल्यांदा इतकं साफ खोटं बोललो, तेही तुला टिकवता आलं नाही."

ताईनं दोघांकडे पाहिलं. मग तिनं पाकीट आपल्या पर्समध्ये टाकलं.

"तरीपण," ती म्हणाली, "राहू दे माझ्याकडेच."