कडुनिंबाखालची पाचवी

देवावर मी कधी रागावले नाही, असं खोटं सांगणार नाही. त्या दिवसांत तर देवघराकडे बघायचीसुद्धा इच्छा होत नव्हती. लेकीला सातव्या महिन्यातच मुलगा झाला, ओंजळीत मावेल एवढा. काचेच्या पेटीत तो जरा सावरतोय असं वाटत असतानाच दूध ओकायला लागला, अंग ढिलं पडलं. मणक्यातलं पाणी काढून तपासलं, तेव्हा कळलं की मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग झालाय, आणि तो इथेच, दवाखान्यात झालाय. एवढ्या कोवळ्या जिवाला नळ्या-सुया लावाव्या लागतात, कितीही जपलं तरी कधीकधी जंतू शिरतात, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं. पण ऐकतंय कोण! वाचवायला आणलं आणि यांनीच आजार दिला, एवढंच माझ्या डोक्यात.

त्यात आणखी एक चुटपुट होती. आमचं घर पंचवटीतलं, यजमान यात्रेकरूंचे विधी सांगतात. जगाचे विधी आम्ही करायचे, आणि धावपळीत आमच्याच नातवाची पाचवी राहून गेली. पाचव्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणतात. तिची पूजाच झाली नाही, तर ती आली असेल का? हसाल तुम्ही, पण काचेबाहेर उभी राहून मी त्याचं कपाळच बघत बसायचे.

जावई म्हणाले, "आई, दुसऱ्या हॉस्पिटलला हलवू या." डॉक्टर विनवत होते, निदान उद्यापर्यंत थांबा, आत्ता त्याला प्रवास झेपणार नाही. पण जावयांपेक्षा मीच जास्त पेटले होते. "इथे ठेवून आता काय व्हायचं राहिलंय?" म्हणून हेका धरला. लेकीचे टाके ओले, म्हणून बाळाबरोबर मी जायचं ठरलं. संध्याकाळी अँब्युलन्स आली का बघायला खाली उतरले.

आवारातल्या कडुनिंबाखाली एक बाई बसली होती. सुरगाण्याकडची. तिची नात आमच्या बाळाच्या शेजारच्या पेटीत होती, म्हणून तोंडओळख. तिने एक दगड धुऊन मांडला होता, त्याला हळद लावली होती, पुढे भात आणि नागलीची भाकरी. नातीची पाचवी. मला बघून म्हणाली, "बाई, कुंकू हाय का? घाईत घरीच राहिलं."

पर्समधून करंडा काढून दिला आणि वळले, तर तिने हात धरला. "कुंकू दिलंस ना, मग बस. निवद दाखवल्याबिगर उठायचं नाय."

"अहो, माझी गाडी येतेय एवढ्यात."

"थांबल ती. तुझ्या नातवाची पाचवी झाली का?"

मला रडूच कोसळलं. मान हलवून नाही म्हटलं. तशी ती सरकून बसली. "मग ह्याच्यातच सांग तिला. ती काय एकाच घरी जाते का?"

जन्मभर कानांवर पडलेले मंत्र, पण एक आठवेल तर शपथ. त्या दगडावर डोकं टेकलं आणि म्हटलं, बाई, तुला लिहायचं ते लिही, माझी ओढाताण आता संपली. मोबाईल वाजत होता. नैवेद्य होईपर्यंत मी उठले नाही.

वर पोचले तर काचेपलीकडे एकच धावपळ. बाळाला झटका येऊन श्वास थांबला होता. डॉक्टर आणि सिस्टर पेटीशीच होते, त्यांनी क्षणात श्वास दिला, यंत्रावर घेतलं. जावई भिंतीला टेकून उभे होते. "आई, आपण निघालो असतो तर..." ज्यांच्या नावाने मी बोटं मोडत होते, त्यांच्याच हातांत माझा नातू जगला. अँब्युलन्स परत पाठवली.

हा चमत्कार की योगायोग, मला विचारू नका. औषधं बरेच आठवडे चालली आणि बाळ घरी आलं. ती बाई त्याआधीच नातीला घेऊन गेली. ती जीपमध्ये बसत असताना मी तिची ओटी भरली, पाया पडले. तिला कसनुसं झालं, पण मला त्याशिवाय राहवेना.

पुढे कानांची तपासणी झाली. या आजारात कान जाऊ शकतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बाळाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लेक खूप रडली, मीही रडले. पण हेही सटवाईनेच लिहिलं का, असं मी कुणाला विचारलं नाही. लेकरू पदरात पडलंय, ते सगळंच्या सगळं माझं आहे. तिन्हीसांजेला दिवा लावून त्याला मांडीवर घेते आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन देवाचं नाव घेते. तो खुदकन हसतो.