एका नाड्यात दोन चाव्या

अकोल्याच्या जुन्या शहरात मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. खंडेनवमीला आमच्याकडे हत्याराला हात लावत नाहीत. पाने, पकडी, मीटर, सगळ्यांना कुंकू लावून पाटावर मांडलं होतं. मी चहा ओतायला घेतला तोच एक बाई धापा टाकत दारात आल्या.

"दादा, चला लवकर! गाडी पुलाजवळ बंद पडली. पुरा झेंडू भरून हाये, अमरावतीच्या बाजारात पोचाचं हाये!"

दसरा उलटला की झेंडूला कुत्रं विचारत नाही. नवरा-बायकोनं पावसाळाभर राबून आणलेला माल तो! मी पाटावरचं मीटर तसंच कुंकवासकट उचललं आणि पळत सुटलो.

बाईंचा नवरा स्टिअरिंगवर बसून चावी फिरवत होता. सेल्फ मस्त फिरत होता, पण इंजिन काही उठत नव्हतं. समोर चावीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकत होता. म्हटलं, सापडला चोर! या नव्या पिकअप गाड्यांच्या चावीत बारीकशी चिप असते. कुलपाभोवतीची कॉइल ती ओळखते, मगच इंजिन चालू होऊ देते.

"दुसरी चावी आहे का?"

"हाये ना," म्हणत बाईंनी कुलपातलाच जुडगा काढून पुढं केला. सकाळी पूजेत दोन्ही चाव्या एका लाल नाड्यात बांधलेल्या. दसऱ्यापर्यंत जोडी फोडायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. पूजेचा नाडा मी तरी कशाला सोडू? तशीच दुसरी चावी घालून फिरवली. दिवा लुकलुकतोच!

दोन्ही चाव्या एकदम कशा मरतील? म्हणजे कॉइल गेली. ती सणाच्या दिवशी आणू कुठून? स्टिअरिंगखालचं कव्हर उघडून मीटर लावलं, तर कॉइल ठणठणीत. माझं डोकंच सटकलं. "घरून तं एका झटक्यात चालू झालती," असं नवरा सारखं म्हणत होता, त्याच्यावरही खेकसलो. खेकसता खेकसता हातातल्या जुडग्याकडं लक्ष गेलं. अरे बाप रे! दोन्ही चिप एकाच वेळी बोलून राहिल्या, कॉइलनं ऐकावं कोणाचं? घरी दुसरी चावी जराशी लांब लोंबत असेल, म्हणून जमलं होतं.

"ताई, नाडा सोडा!"

"दसऱ्याच्या आंधी? नाई, दादा."

"मी माझं मीटर पाटावरून उचलून आणलं ना? सोडा म्हणतो!"

बाईंनी एकदा झेंडूकडं पाहिलं, जुडगा कपाळाला लावला आणि गाठ सोडली. एकटी चावी फिरवली. दिवा विझला अन् इंजिन धडधडलं! खरं सांगतो, मी भर रस्त्यात उड्या मारल्या.

"दुसरी चावी पिशवीत ठेवा, तेवढंच पुरे," मी म्हटलं. पण बाई कशाच्या ऐकतात!

"मी मांगं बसतो. हे चावी जितकी दूर तितकी बरी."

चावी मुठीत घट्ट धरून त्या सरळ झेंडूच्या पोत्यांवर चढून बसल्या. गाडी हलली तसा मागून आवाज आला, "आता कुठंच थांबू नका! बाजारातच बंद करा!"