हत्यार ज्याचं त्याले

माझ्या लहानपणी आमच्या घरात स्वतःची म्हणावी अशी हत्यारं दोनच होती, एक खुरपं आणि एक विळा. बाकी सगळं मागून. वांग्यांवर फवारायचा पंप शेजारच्या मळ्यातून यायचा, आमच्या बीबी गावच्या बाजारात मेथी-पालक विकायला तराजू आईच्या ओळखीच्या एका बाईकडून. दहावीला मी ज्या टेबलावर अभ्यास केला ते समोरच्या गुरुजींचं. शेवटचा पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वडील ते डोक्यावर घेऊन पोचवून आले. यात रडण्यासारखं काही नाही, तेव्हा असंच होतं. पण मागून आणण्याची ही जी आमची खानदानी विद्या, तिच्यातले सगळ्यात मोठे उस्ताद म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ. इतका प्रामाणिक, आणि त्याच प्रामाणिकपणाने समोरच्याला इतका दमवणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल. असलाच तर त्याच्या भाचीला माझा नमस्कार सांगा.

मामांचं लोणारला एसटी स्टँडजवळ मोटारी भरायचं दुकान. म्हणजे विहिरीवरच्या मोटारीतली जळालेली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची. धंद्याला लागले तेव्हा त्यांच्याजवळ एक पानासुद्धा नव्हता. ह्याच्याकडून पाना, त्याच्याकडून पक्कड, असं करत दुकान उभं राहिलं, आणि एक नियमही उभा राहिला: काम झालं की हत्यार त्याच दिवशी परत. पुढे ऐपत आली, पण मामांनी हत्यारं घेतली नाहीत. घेतली असती तर परत कोणाला केली असती? एकदा बीबीच्या एका दुकानदाराचा टेस्टर परत करायला ते एसटीने गेले. दुकान बंद, म्हणून त्याच्या घरी गेले. तो घरी नाही, म्हणून शेतात गेले. माणूस बाभळीखाली झोपला होता, त्याला हलवून उठवलं आणि टेस्टर हातात दिला. तो म्हणाला, मी तर विसरूनच गेलो होतो. मामा म्हणाले, "तुम्ही विसरले. मी नाही विसरलो."

दुसरी खोड उघडून पाहण्याची. मामींना भावाने नवा मिक्सर दिला, तर तो दोन दिवस वर्तमानपत्रावर उघडा पडला होता आणि मामी पाट्यावर चटणी वाटत होत्या. "दुसऱ्यानं भरलेल्या मोटारीची गॅरंटी मी देत नाही," हे त्यांचं वाक्य सगळ्या लोणारला पाठ. पुढे कुठल्याशा ऑफिसाने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्यांच्या दुकानात आला, आणि हेच वाक्य त्यालाही लागू झालं. मामांनी त्यात लिनक्स टाकलं, कारण ते उघडून पाहता येतं असं कोणीतरी सांगितलं होतं. तयार सॉफ्टवेअर त्यांना चालत नसे. प्रत्येक प्रोग्रामचा मूळ कोड आणायचा आणि घरी कंपाइल करायचा, म्हणजे आपल्या मशीनवर आपल्या हाताने तो घडवायचा. साधा कॅल्क्युलेटर घडवायला दोन दिवस लागले, तोवर आकडेमोड बोटांवर चालू होती. कोडमधलं इंग्रजी त्यांना फारसं कळत नव्हतं. तरी चष्मा पुढेमागे करत सगळी फाईल वरपासून खालपर्यंत पाहायचे आणि म्हणायचे, काम साफ आहे.

पण एक खरी विद्या त्यांच्याकडे होती, ती मी कॉलेजात तीन वर्षं घालवूनही शिकले नव्हते. कंपाइल करताना बिघडलं की पडद्यावर शंभर ओळी ओकल्या जातात, आणि आपण सगळे शेवटची ओळ वाचून हैराण होतो. मामा वर जायचे, अगदी पहिल्या तक्रारीपर्यंत. "शेवटची ओळ नुसती रडते, पोरी. काय झालं ते पहिलीले माहीत असते."

मी बीएस्सी झाले, आमच्या घराण्यात पहिली. मग आठ महिने घरी बसले. लोक वडिलांना विचारायचे, पोरगी शिकून काय करते. वडील म्हणायचे, कॉम्प्युटरवर काम चालू हाये. काही चालू नव्हतं. मग एका कंपनीने मला घरून करायची परीक्षा पाठवली. एका प्रोग्रामचा कोड दिला होता. तो कंपाइल करून चालवायचा, आणि कसा केला ते पायरी-पायरीने असं लिहायचं की कोणालाही कोऱ्या, म्हणजे आधी काहीच न टाकलेल्या, मशीनवर तसाच करता यावा. मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहा. माझ्याकडे लॅपटॉप नव्हता. म्हणून बुधवारी सकाळच्या एसटीने बीबीहून लोणारला, मामांच्या दुकानात.

पहिलीच आज्ञा दिली, ऑटोरिकॉन्फ, म्हणजे कंपाइलच्या आधीची तयारी. उत्तर आलं, कमांड नॉट फाउंड. म्हणजे हे हत्यार ह्या मशीनवर नाहीच. ते आणावं तर ते ज्या पुडक्यात, म्हणजे पॅकेजमध्ये, येतं त्याचं नाव वेगळं, ऑटोकॉन्फ. रेशनकार्डावर एक नाव आणि गल्लीत दुसरी हाक, तसला प्रकार. ते आणलं तर ते म्हणालं, एक्लोकल नावाचं हत्यार नाही. तेही तिसऱ्याच पुडक्यात निघालं. मग लिबटूल नाही, मग कंपाइलरच नाही, आणि इतकं सगळं गोळा केल्यावर कंपाइल सुरू करणारी साधी मेक ही आज्ञासुद्धा नाही. मोबाईलच्या नेटवर एकेक पुडकं यायला अर्धा तास. मामा मधून मधून डोकावून विचारत, वरची ओळ वाचली का. पाचची एसटी पकडून मी घरी आले.

गुरुवारी सकाळी बसले, आज्ञा दिली, ऑटोरिकॉन्फ. कमांड नॉट फाउंड.

मला वाटलं मीच काल काहीतरी चुकले. मशीन जुनं, डिस्क मरायला टेकली असेल, असंही वाटलं. परत सगळं एकेक करून आणलं, ह्यावेळी वहीत लिहीत. चार वाजता मेकपर्यंत पोचले, कंपाइल अर्ध्यात आलं आणि एसटीची वेळ झाली. त्या एसटीत मला उभ्याउभ्या झोप लागली.

शुक्रवारी सकाळी दहाला पुन्हा तेच. कमांड नॉट फाउंड. मी वही मिटली आणि मामांकडे वळले. मामा मोटारीत तार घालत होते. मी विचारलं, मामा, ह्या मशीनले कोणी हात लावते का?

"मी लावतो ना."

"काय करता?"

"तू गेली का काढून टाकतो सगळं. उरलीसुरली पुडकी बी साफ करतो." तार न सोडता ते शांतपणे म्हणाले. "काम झालं, मंग हत्यार ज्याचं त्याले."

"काऊन पण?"

"ते लोक फुकट देऊन राह्यले, अन् आपण दाबून ठेवायचं?"

मला ओरडायचं होतं. पण दोन दिवसांत मी थकून गेले होते. मी म्हणाले, मामा, आज सहा वाजता माही नोकरी जाते. ते उठून माझ्याजवळ आले. मी त्यांना समजावलं, की हे पान्यासारखं नसतं. आपण आणलं तरी त्यांच्याकडचं कमी होत नाही, आणि आपण काढून टाकलं तर ते कोणाला परत जात नाही, नुसतं पुसलं जातं.

मामांनी चष्मा काढला. "म्हणजे त्याच्यापाशी बी राहते, अन् आपल्यापाशी बी?"

"हाव."

त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "असं हत्यार बी असते का."

मग त्यांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. मोटार घेऊन आलेल्या दोघांना उद्या या म्हणून वाटेला लावलं, आणि माझ्या शेजारी स्टूल टाकून बसले. मी वहीतून एकेक ओळ वाचायची आणि करायची. जिथे वहीत एखादी पायरी राहून गेली होती तिथे मशीन अडायचं, मामा पहिल्या ओळीवर बोट ठेवायचे, आणि ती पायरी मी वहीत घालायची. साडेचारला प्रोग्राम चालला. पाचची एसटी मी सोडून दिली. पावणेसहाला सगळं पाठवलं. मामींनी पोहे आणले, ते आम्ही दोघांनी संपवले.

दहा दिवसांनी कंपनीतून एका बाईंचा फोन आला. मी त्यांच्याशी जशी बोलते तशीच बोलले, पुण्याची जीभ मी लावली नाही. त्या म्हणाल्या, प्रोग्राम सगळ्यांचाच चालला, पण लिहिलेल्या पायऱ्या आम्ही कोऱ्या मशीनवर करून पाहिल्या तेव्हा बाकीचे सगळे पहिल्या-दुसऱ्या आज्ञेलाच अडकले. त्यांच्या मशीनवर हत्यारं आधीपासून होती, त्यामुळे ती लागतात हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही. तुमचं लिखाण तेवढं शेवटपर्यंत गेलं. इतकं बारीक कसं सुचलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, घरच्यांनी करून घेतलं.

मामांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करा म्हटलं तर म्हणतात, उघडून पाहणारा डॉक्टर कोण आहे ते आधी मले पाहू दे. त्यामुळे पडद्यावरची पहिली ओळ त्यांना दिसत नाही, शेवटचीही नाही. मी लोणारला गेले की कॉम्प्युटर सुरू करायला लावतात, आणि मी वाचून दाखवते ते मान खाली घालून ऐकतात. त्याच कंपनीत मी आता नोकरीला आहे, आणि तिथे नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला मशीन तयार करण्याच्या पायऱ्यांचं एक पान देतात. ते पान मी लिहिलेलं आहे, आणि आजवर त्यावर कोणी अडकलेलं नाही.