स्वच्छ करून ठेवलेली बीअर

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आमचं घर मिलच्या भोंग्याच्या टप्प्यात होतं. मिल बंद पडली आणि भोंगा थांबला, त्याचा त्रास बाबांपेक्षा आईला जास्त झाला. कारण बाबा आता दिवसभर घरात होते आणि त्यांच्या हातात पाना होता.

सूतखात्यात मास्टर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता. यंत्र उघडून आत डोकावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आधी त्यांनी घरातले पंखे उघडले, मग आईचं शिलाई मशीन, मग शेजाऱ्यांचा मिक्सर. तो पुन्हा जोडल्यावर उलटा फिरायला लागला. शेवटी त्यांची नजर फ्रिजकडे वळली, तेव्हा आईने मिलमधल्या त्यांच्या एका जुन्या सोबत्याला घरी बोलावून चहा पाजला आणि सांगितलं की यांना कुठेही चिकटवा, पगाराचं नंतर बघू.

त्या वर्षांत पेपरात रोज उदारीकरण हा शब्द यायचा. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ सरळ होता: इकडे मिलच्या गेटला कुलूप आणि तिकडे पीथमपूरला परदेशातून येणाऱ्या नव्या मशिनी. तिथल्या एका नव्या सूतगिरणीत जर्मन मशिनी आल्या होत्या आणि त्या उभ्या करायला एक जर्मन इंजिनिअर आला होता. त्याच्या हाताखाली मशीन कळणारा माणूस हवा होता. बाबा लागले.

बाबांचं इंग्रजी म्हणजे स्पिंडल, बेअरिंग, बॉबिन आणि ब्रेकडाउन. साहेबाचं त्याहून थोडं बरं. पण दोघांचं जमलं. साहेब अंगाने आडवा, गालांनी लाल, आणि सकाळी पोहे मिळाल्याशिवाय कामाला हात लावत नसे. बाबा त्याला पोह्यांवर शेव घालू की नको असं रोज विचारायचे, तो रोज नको म्हणायचा, आणि बाबांना रोज वाईट वाटायचं.

डिसेंबरात साहेब सुट्टीला घरी गेला आणि परतताना बाबांसाठी दोन बाटल्या घेऊन आला, लोकरी मोज्यांत गुंडाळून. बाबांनी त्या घरी आणून जेवायच्या टेबलावर ठेवल्या. आमच्या घरात तोवर दारूची बाटली आली नव्हती. आईने कमरेवर हात ठेवून विचारलं की हे काय आहे.

बाबा म्हणाले, "त्याच्या गावाकडची आहे. गव्हाची."

या दोन वाक्यांवर बाटल्या वाचल्या. कुणी आपल्या गावाकडून आणलेली वस्तू परत करायची नसते, हा आईचा नियम. आणि गव्हाला माळव्यात नावं कोण ठेवणार? तिने बाटली उजेडात धरून पाहिली. बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या राहिल्या, लोणच्याच्या बरणीशेजारी, आणि बाबांनी येत्या रविवारी साहेबाला जेवायला बोलावलं.

शनिवारी संध्याकाळी बाबा बाटल्या पाहायला गेले आणि त्यांचा चेहरा उतरला. दोन्हींच्या तळाशी पांढरट गाळ बसला होता. मी तेव्हा कॉलेजात होते, घरात इंग्रजी वाचणारी मीच. पण लेबलावर सगळं जर्मन होतं, तेव्हा माझाही उपयोग शून्य. बाबांनी निष्कर्ष काढला की प्रवासात माल खराब झाला आहे. साहेबाला तसं सांगितलं तर त्याला लाज वाटेल. तेव्हा त्याला कळू न देता एक तरी बाटली दुरुस्त करायची.

दुरुस्ती हा त्यांचा प्रांत. त्यांनी मिलमधली मऊ मलमल काढली, तिची चौपदरी घडी पातेल्यावर बांधली, बाटली उघडली आणि अलगद ओतायला लागले. घरभर वास पसरला. आई स्वयंपाकघरातून येऊन नाक वर करून म्हणाली की कुणी शिकरण केली आहे का? खरंच, पिकलेल्या केळ्याचा वास होता, आणि त्यामागे लवंगेचा. मसालेभातात शिकरण सांडल्यासारखं. बाबांना त्यामुळे खात्रीच पटली की माल गेला. वरची नितळ बीअर त्यांनी गाळून घेतली, तळाचा दोन बोटं गाळ बाटलीत ठेवला, आणि गाळलेली बीअर पातेल्यावर झाकण घालून फ्रिजमध्ये ठेवली. फेस सगळा विरून गेला तेव्हा ते समाधानाने म्हणाले की आता कशी स्वच्छ झाली.

गाळ मोरीत जाणार होता, पण आईने बाटली हातातून काढून घेतली. तिने वास घेतला, करंगळीने चव पाहिली आणि बाटली घेऊन आत गेली. रविवारच्या जेवणाला जिलेबी करायची होती आणि थंडीत तिचं पीठ आंबत नव्हतं.

रविवारी दुपारी साहेब आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आईसाठी फुलं घेऊन. आईला आयुष्यात कुणी फुलं दिली नव्हती; तिने ती देवाला वाहिली. बाबांनी कोपऱ्यावरच्या लस्सीवाल्याकडून मागून आणलेल्या उंच काचेच्या गिलासांत पातेल्यातली बीअर पळीने वाढली. साहेबाने एक घोट घेतला. तो बराच वेळ तोंडात फिरवला. मग त्याने सभ्यपणे विचारलं की ही कुठली, इंदूरची का?

"तुमचीच आहे," बाबा इंग्रजीत म्हणाले. "मी साफ केली."

साहेबाला कळेना. मग मी मध्ये पडले आणि गाळणं, मलमल, पातेलं सगळं सांगितलं. ऐकताना त्याचा हात हळूहळू कपाळाकडे गेला. त्याने विचारलं की खालचं कुठे आहे? मी आईकडे पाहिलं. आईने त्याच वेळी गरम जिलेब्यांचं ताट समोर ठेवलं.

साहेबाने जिलेबी उचलली, बहुधा उत्तर मिळेपर्यंत वेळ काढायला. चावली आणि थांबला. दुसरी घेतली. तिसरी घेताना तो इतका हसायला लागला की खुर्ची करकरली. त्याने ताटाकडे बोट दाखवून बाबांना सांगितलं, "बीअर इथे आहे. त्या गिलासात फक्त पाणी आहे."

आम्हाला त्या जिलेबीत बीअर काही लागली नाही. एवढं मात्र खरं की तशी फुगलेली, आत पाकाने भरलेली जिलेबी आईच्या हातून त्याआधी कधी झाली नव्हती.

मग त्याने दुसरी बाटली मागितली. गिलास आतून ओला केला, तिरपा धरला, बीअर काठाने संथ सोडली. थोडी उरली तशी बाटली हातात गोल फिरवली, तळाचा गाळ उठवला आणि तो सगळा वरून ओतला. गिलासात दाट सोनेरी धुकं आणि त्यावर बोटभर फेस. गाळ म्हणजे पीठ फुगवतं ते खमीर, त्यातच केळं आणि त्यातच लवंग, असं त्याने समजावलं. बाबांनी घोट घेतला आणि मिशीवरचा फेस न पुसता लगेच दुसरा घेतला. मलाही एक घोट मिळाला. गोडसर, भरलेलं, जिभेवर लोळणारं. आईने नुसता वास घेतला आणि म्हणाली की शिकरणच आहे, पण चांगल्या घरची.

साहेब उन्हाळ्याआधी गेला. बाबा मात्र त्या एका बाटलीवर गव्हाच्या बीअरचे जाणकार झाले. पानाच्या दुकानावर उभे राहून ते लोकांना गिलास कसा तिरपा धरायचा ते दाखवायचे. महूहून येणारे एक निवृत्त सुभेदार, ज्यांनी लष्कराच्या कँटीनमधल्या बीअरवर अर्धं आयुष्य काढलं होतं, तेही ऐकून घ्यायचे. एकदाच त्यांनी विचारलं, "भिया, आपने कुल कितनी पी है?" बाबांनी विषय बदलला.

दोन-तीन वर्षांनी माझी ताई आणि भावोजी अमेरिकेहून आले. सासऱ्यांचा हा नवा अधिकार भावोजींच्या कानावर गेला होता, म्हणून त्यांनी बॅगेतून तिकडची गव्हाची बीअर आणली. एप्रिलचं ऊन, संध्याकाळची वेळ, गच्चीवर पाणी मारलेलं. भावोजींनी बाटली उघडली, सरळ गिलासात ओतली आणि वर लिंबाची चकती खोचली.

बाबा ताठ झाले. लिंबू आजारी माणसाला देतात, असं ते म्हणाले. मग गिलास नाकाशी नेला आणि विजयी चेहऱ्याने जाहीर केलं की केळं नाही, लवंग नाही. भावोजींनी शांतपणे सांगितलं की नाहीच. तिकडच्या खमिराची चव मागे राहते, म्हणजे गव्हाची चव पुढे येते, आणि उन्हाळ्यात हलकं बरं वाटतं. आई तोवर बाटली उलटी करून तळ पाहत होती. तळाशी फारसं काही नव्हतं. जे होतं ते तिने पिठात घालून पाहिलं. सकाळी पीठ होतं तिथेच होतं. तिने अमेरिकेचा विषय तिथे संपवला.

बाबांचं मात्र त्या संध्याकाळी लांबलं. त्यांनी लिंबाची चकती काढून ताटलीत ठेवली, बीअरबरोबर लसणाची शेव खाल्ली, भावोजींना जर्मन पद्धतीवर व्याख्यान दिलं आणि बोलता बोलता गिलास रिकामा केला. भावोजींनी तो भरला. व्याख्यान चालूच राहिलं. थोड्या वेळाने पाहते तर त्यांनी ताटलीतली चकती उचलून गुपचूप गिलासात टाकली होती.

भावोजी खाली गेल्यावर मी विचारलं, खरं सांगा, कुठली चांगली?

बाबांनी मिलच्या बंद चिमणीकडे पाहिलं. "थंडीत साहेबाची," ते म्हणाले. "पण आता एप्रिल आहे. जावयाला सांगू नको."

मग त्यांनी मला खालून आणखी शेव आणायला सांगितलं.