नावापुढची खूण

सूर्यातली आग यंत्रात पेटवून वीज काढायची, या एकाच खटाटोपाला वाहिलेलं ते त्रैमासिक. ताई तिथे सव्वीस वर्षं मुद्रितं तपासत होत्या. त्या आगीतलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण स्वल्पविराम चुकला की लेखकाची धडगत नसे.

लेखाखालच्या आभारांत शास्त्रज्ञांची नावं राहायची. कारागिरांची मात्र खोडून तिथे ‘तांत्रिक कर्मचारी’ लिहायचं, हा तिथला नियम. अपवाद एकच : माणूस हयात नसेल तर नाव छापायचं आणि पुढे बारीक खंजिराची खूण करायची. खोडलेलं परत ठेवायचं असलं की समासात ‘राहू द्या’ लिहितात. ताईंनी ते कारागिरांसाठी कधी लिहिलं नव्हतं.

त्यांचा धाकटा भाऊ तसलं यंत्र उभारणाऱ्या प्रयोगशाळेत वेल्डर. यंत्राच्या पोलादी टाकीचे सगळे सांधे त्याचे. “मी सूर्याला डाग देतो,” असं सांगत फिरायचा. धुरानं त्याची फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते, तेही फक्त ताईंना.

नेमका त्याच टाकीवरचा लेख ताईंच्या टेबलावर आला. आभारांत भावाचं नाव होतं, आणि लेख लिहिणाऱ्या शास्त्रज्ञानं तसं त्याला कळवलंही होतं.

“अंक कधी येतोय, ताई?” तो रोज विचारायचा. “माझं नाव नीट बघ. तुझ्याच हातात आहे.”

ताई संपादकांकडे गेल्या. “एवढं एक नाव राहू द्या, साहेब. भाऊ आहे माझा.”

“इतकी वर्षं तुम्हीच तर नियम पाळलात,” ते म्हणाले. “आता घरचा माणूस आला म्हणून मोडायचा?”

त्यात चूक काही नव्हतं, म्हणूनच ते झोंबलं. करावं तसं भरावं म्हणतात. इथे केलं बहिणीनं आणि भरायला बसला होता भाऊ.

शेवटच्या मुद्रितावर ताईंनी त्याच्या नावापुढे खंजीर काढला. जित्याजागत्या भावाला आपणच मारतोय असं वाटलं, तरी पान पुढे सरकवलं. अशा खुणेबद्दल कोण विचारतं? कुणी विचारलं नाही.

अंक आला. भावानं नावावरून बोट फिरवलं.

“ही खूण कसली गं?”

“मानाची,” ताई म्हणाल्या. “सगळ्यांना नसते.”

मग येईल त्याला तो पान दाखवू लागला. एकदा शास्त्रज्ञही भेटायला आला. त्यानं पान पाहिलं, ताईंकडे पाहिलं, “छान” म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

तिसऱ्या आठवड्यात भावाला इस्पितळात हलवावं लागलं. दाखल करताना कारकुनानं फॉर्म पुढे केला. धापा टाकत भावानं सही केली. पेन परत देता देता थांबला, ताईंकडे बघून हसला आणि सहीपुढे जपून तो बारीक खंजीर काढला.

“हे काय आणि?” कारकुनानं खोडायला पेन उचललं.

“राहू द्या,” ताई म्हणाल्या.