चालू गाडीतली भाऊबीज

यंदा भाऊबीजेला माझ्या अक्कानं मला गाडीच्या खिडकीतून ओवाळलं. गाडी चालू होती आणि ती बंद करायची माझी हिंमत नव्हती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आटपाडीला दिलेली. भावजी गेले, पोरं मुंबईला, घरात ती एकटीच. मी इकडं कृष्णाकाठी उसाच्या गावात. फौजेतनं सुभेदार होऊन आलो, पुढं बायको गेली आणि मीही एकटाच उरलो. मग पोरानं बेंगळुरूला नेलं. तिथं लिफ्टमधली माणसंसुद्धा एकमेकांकडं न बघता वर जातात. गेल्या भाऊबीजेला अक्कानं मला मोबाईलवरच ओवाळलं. पडद्याला कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. (मला बेंगळुरूत फक्त तिचा अंगठा दिसत होता, तोही लाल.) शेवटी म्हणाली, पुढच्या वर्षी तू स्वतः आल्याशिवाय मी जेवणार नाही. अक्काला शुगर आहे आणि बोललेलं ती मोडत नाही. म्हणून यंदा मी हट्टानं गावी आलो.

भाऊबीजेला सकाळी नवी टोपी घालून, मी बेंगळुरूला गेल्यापासून दारात उभ्या असलेल्या माझ्या गाडीत बसलो, किल्ली फिरवली. 'टक' असा एक आवाज आला. दुसऱ्यांदा फिरवली तर तोही आला नाही.

फौजेत माझी सगळी नोकरी स्टोअरमध्ये कांबळी मोजण्यात गेली. पण गावाला वाटतं, फौजी म्हणजे रणगाडा खोलून परत जोडणारा माणूस. हा गैरसमज मी कधी मोडला नाही! बॉनेट उघडलं, आत गंभीरपणे बघितलं आणि बंद केलं.

मेकॅनिकला फोन लावला, तर तो जतला बहिणीकडं गेलेला. फाट्यावर जाऊन एसटीला हात केला, ती गच्च भरलेली, थांबलीसुद्धा नाही. गाडी ढकलायची म्हणावं, तर गल्लीत माणूस कुठाय? भाऊबीजेला धडधाकट गडी सगळे बहिणींच्या गावाला जातात. मारुतीच्या कट्ट्यावर दोघंच बसले होते. एक शिवबा, जुना पैलवान, आता गुडघ्यांनी दगा दिलेला. दुसरे बापू, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर.

एसटी थांबली नाही म्हणून मी कुरकुरलो, तर बापू म्हणाले की भाऊबीजेला तेही कधी थांबले नव्हते. आयुष्यभर धक्का स्टार्टवर गाड्या चालवलेला माणूस, लगेच हुकूम द्यायला लागले. "सेकंडला टाका, आन् मी म्हणल्यावर क्लच सोडा."

दोघांनी खांदा लावला. रस्ता नदीकडं उताराचा, गाडीनं बघता बघता वेग घेतला. मागून बापू ओरडले, "सोडा!" मी पायानं क्लच शोधायला लागलो. पायाखाली दोनच पेडल. ही बिनक्लचची गाडी मी कित्येक वर्षं चालवतोय, पण ते त्या क्षणी पहिल्यांदा लक्षात आलं. गाडी निवांत नदीच्या घाटापर्यंत गेली आणि थांबली. मागून धापा टाकत बापू आले, आत वाकून त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि घाटाच्या पायरीवर जाऊन बसले.

तेवढ्यात अक्काचा फोन. निघालास का? म्हटलं, निघालो. (खोटं नव्हतं. उतार संपेपर्यंत निघालोच होतो.) जेवलीस का विचारलं, तर म्हणाली पुरण झालंय, तू ये, मग बसू. दुपार कलायला लागली होती. मी शिवबाला म्हणालो, आता काही जमत नाही, अक्काला सांगतो जेवून घे म्हणून.

शिवबा म्हणाला, "तसं करू नगंस गड्या. तुझी वाट बघणारं कुणीतरी हाय. आमी दोघं आज कट्ट्यावर का बसलोय?"

दोघांच्याही बहिणी गेल्या, हे मला माहीत होतं. सकाळपासून मात्र एकदाही आठवलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

नदीकाठच्या मळीच्या रानातनं उसाचं बेणं भरलेला ट्रॅक्टर वर येत होता, त्याच्या वाटेत आमची गाडी आडवी. शिव्या घालायला उतरलेल्या ड्रायव्हरनं आमची तीन म्हातारी तोंडं बघितली आणि गुमान वायरी काढल्या. त्याच्या बॅटरीवर माझी गाडी चालू झाली. कुठं जायचंय ते विचारून तो म्हणाला, "मामा, हिची बॅटरी मेलीया, चार्ज धरायची न्हाई. आटपाडीपातूर कुठं बंद करू नगा. बंद केली की संपलं."

आरशात शिवबा आणि बापू एकमेकांना धरून चढ चढताना दिसत होते. मला लय वाईट वाटलं.

पुढचा प्रवास सांगण्यासारखा नाही. एवढे दिवस उभी राहून गाडीचा हँडब्रेकही सैल झालेला, पार्किंगचा गिअर हिला नाहीच, त्यामुळं ब्रेकवरचा पाय काढायची सोय नव्हती. विट्यात चहाची तल्लफ आली, ती दाबली. भिवघाटात दुसरीच निकड आली, तीही दाबली.

दिवेलागणीला अक्काच्या दारात पोचलो. ती उंबऱ्यातच बसलेली, तोंड सुकून गेलेलं. मी म्हणालो, "अक्का, इथनंच ओवाळ आणि आधी जेव. ही बंद केली तर परत चालू व्हायची न्हाई."

तिनं ताट आणलं. खिडकीतून कुंकू लावलं, ओवाळलं, करंजी तोंडात कोंबली. मग आत गेली आणि वरवंटा घेऊन आली. तो चाकाखाली सारला, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि कनवटीला खोचली.

"न्हाई झाली चालू तर न्हाई झाली," ती म्हणाली. "तुला कुठं जायाचंय?"

खरंच कुठं जायचं नव्हतं. आधी मी मोरीकडं पळालो, मग आम्ही दोघं पोटभर जेवलो.

त्याला आता बरेच दिवस झाले. किल्ली अजून अक्काच्या कनवटीला आहे. वरवंटा चाकाखाली, त्यामुळं चटणी मिक्सरमध्ये होते आणि अक्का रोज तिला नावं ठेवते. समोरच बॅटरीचं दुकान आहे. दुकानदार रोज विचारतो, नवी बसवू का? मी बॉनेट उघडतो, आत गंभीरपणे बघतो, बंद करतो आणि त्याला सांगतो, "फौजेतला माणूस हाय मी. बघतो माझं मी."